कामगार ऑफिसजवळचं टायपिंगचं दुकान, पाचपैकी चार

नागपुरात सिव्हिल लाईन्सला कामगार ऑफिसच्या अलीकडं टिनाच्या शेडमधे टायपिंग-झेरॉक्स आहे, बोर्डावरचं नाव पार उडालंय, गाडी लावायला जागा नाही अन् प्रिंटरमधे दर चार पानांनी कागद अडकतो. काका बोलायलाही खट. तरी चार स्टार देतो, काहून ते वाचा.

२०२० चा डिसेंबर. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीनं ऑर्डर नाहीत म्हणून माणसं काढली, ना नोटीस ना काही, सकाळच्या पाळीला गेलो तर गेटवर यादी चिकटवलेली. ठेकेदारीवाल्यांची तर यादीपण नव्हती, त्यांचं कार्डच पंच होईना. मग गेटसमोरच धरणं, दिवसभर नारे, रात्री पॅलेटच्या फळ्या फोडून शेकोटी. चौथ्या दिवशी मॅनेजरची गाडी निघाली तर एका पोट्ट्यानं गोटा मारून काच फोडली, पोलिसांची व्हॅन आली अन् अर्धे जण भिऊन घरी बसले. कंपनीनं नेमके तेव्हाच फुल अँड फायनलचे, म्हणजे सगळा हिशोब मिटल्याचे कागद काढले, सही करा, चेक न्या.

मी काकाकडं गेलो ते फक्त झेरॉक्सला. त्यानं कागद काचेवर ठेवायच्या आधी वाचूनच काढला, मला रागच आला. म्हणे, "सही केली का बे?" म्हटलं नाही. "मग करू नको." कॅल्क्युलेटर काढला. माझं बेसिक-डीए १५,६०० अन् नोकरी दहा वर्षं आठ महिने. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना केलेल्या वर्षांवर मिळणारी रक्कम, काढताना महिन्याचे दिवस २६ धरायचे असतात, कंपनीनं धरले ३०. अन् सहा महिन्यांच्या वर झालं की पूर्ण वर्ष मोजतात, कंपनीनं दहाच मोजली. कागदावर ७८,०००, खरे व्हायचे ९९,०००. वरून एक महिन्याच्या नोटिशीचा पगार अन् दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची भरपाई, तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या २५ एफ कलमाची, तिचं तर नावच नव्हतं.

माझे बाबा एम्प्रेस मिलमधे होते, जमशेटजी टाटांनी १८७७ ला सुरू केलेली, जिथं आता मॉल उभा आहे तीच. त्यांनी पुढं येईल त्या कागदावर सही केली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौतीस जण आपापले कागद घेऊन आलो, लाईन रोडपर्यंत. पानाला २० रुपये, नसतील तर नंतर द्या म्हणे, वहीत लिहून घेतले. दोघांचे अजून बाकी आहेत, परवा गेलो तर मलाच विचारत होता ते कुठं असतात.

ग्रॅच्युइटी दीड वर्षानं मिळाली, पूर्ण. भरपाईची केस चालूच आहे. नोकरी काही परत नाही भेटली.

जाताना पगाराच्या स्लिपा अन् अपॉइंटमेंट लेटर न्या, नाही तर परत पाठवतो. दुपारी दीड ते अडीच जाऊ नका, काउंटरवर डोकं ठेवून झोपलेला असतो. एक स्टार प्रिंटरचा कापला.