कोटेशनमध्ये पार्ट्सची अर्धीच नावं होती: कस्टम गेमिंग पीसीत मला कसं गंडवलं

नवीन गेमिंग पीसी असेंबल करून घेणार असाल तर अॅडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा. डुप्लिकेट माल देणाऱ्यांबद्दल सगळेच सावध करतात पण मला ज्या असेंबलरने टोपी घातली त्याने एक वापरलेली एसएसडी सोडली तर सगळे पार्ट खरे दिले, सगळे चालू कंडिशनमध्ये दिले, आणि तरी ते मशीन माझ्या वापराला तासभरही टिकत नव्हतं.

वापर आधी सांगतो कारण घोळ तिथेच आहे. संध्याकाळी गेमिंग आणि सोबत स्ट्रीमिंग, मग रात्री थ्रीडी रेंडर लावून झोपायचं, म्हणजे मशीन बंद असं फारसं होतच नाही आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच वेळी तासनतास राबत असतात. हे मी पहिल्याच बोलण्यात सांगितलं होतं आणि व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवलं होतं. त्यावर उत्तर आलं, सर टेन्शन घेऊ नका, चोवीस तास चालवा, काही होणार नाही.

कोटेशन असं होतं: रायझन ७ ५८००एक्स, बी५५० बोर्ड (मदरबोर्ड) किंवा इक्विव्हॅलंट (तोडीचा दुसरा), आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॅट एसएमपीएस (पॉवर सप्लाय). वाचायला झकास. आता परत बघा, प्रोसेसर सोडून एकाही ओळीत पूर्ण मॉडेल नंबर नाहीये. कुठल्या कंपनीचा बोर्ड, कार्डला मेमरी किती, रॅमच्या किती काड्या, एसएमपीएस कोणतं, काहीच नाही. प्रोसेसरचं नाव पूर्ण लिहितात कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं आणि तिथे लपवायला जागाही नसते.

डिलिव्हरीच्या वेळी डेमो दिला तोसुद्धा बघण्यासारखा होता. केसचं साइड पॅनल काढलेलं, सिनेबेंच या प्रोसेसर टेस्टचा एक राउंड, तो संपल्यावर एक गेम उघडून मेनूत फिरवला आणि कोपऱ्यातला फ्रेम रेट दाखवला. म्हणजे प्रोसेसर पळत होता तेव्हा कार्ड झोपलेलं आणि कार्ड पळत होतं तेव्हा प्रोसेसर निवांत. दोघांना एकत्र कामाला लावलंच नाही. पार्ट्सचे बॉक्स मागितले तर म्हणे पॅकिंगमध्ये वापरले, वॉरंटी आमच्याकडूनच मिळेल, बॉक्सचं काय करणार. बॉक्स का नव्हते ते नंतर कळलं.

पहिल्याच आठवड्यात गेम आणि स्ट्रीम एकत्र चालू असताना मशीन फटकन बंद होऊन रीस्टार्ट व्हायला लागलं. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही, एकदम काळोख. फोन केला की दरवेळी नवीन कारण. आधी विंडोज खराब, मग ड्रायव्हर, मग तो गेमच हेवी आहे, मग तुमच्याकडचं अर्थिंग बघा. त्याचा टेक्निशियन रिमोटवर आला आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून कर्नल-पॉवर ४१ ही लाल नोंद दाखवून म्हणाला बघा विंडोजचीच एरर आहे, फॉरमॅट मारा. ही थाप बऱ्याच जणांना मारली जाते म्हणून सांगतो, ४१ नंबरचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं ते ती नोंद सांगत नाही. आत डिटेल्समध्ये बगचेक कोड (क्रॅशच्या कारणाचा नंबर) शून्य असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, आणि असं लोडवरच होत असेल तर पहिला संशय पॉवरवर घ्यायचा.

मग मीच उघडलं. एसएमपीएस खाली कव्हरच्या आत असतं आणि बसवताना स्टिकर अशा बाजूला की काढल्याशिवाय दिसणारच नाही. मागचे चार स्क्रू काढून बाहेर ओढलं. हातात घेतल्या घेतल्या हलकं लागलं. एका बाजूला भलंमोठं ७५० छापलेलं, त्याखाली सोनेरी अक्षरात ८५ टक्के एफिशियन्सी, पण ८० प्लस या एफिशियन्सी सर्टिफिकेटचा बॅज कुठेच नाही. मागे तो छोटा लाल ११५/२३० व्होल्ट निवडायचा स्विच. तो दिसला की बहुतेक वेळा समजायचं डिझाइन जुनं आणि स्वस्तातलं आहे, अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असलेल्या आजच्या एसएमपीएसला तो सहसा लागतच नाही. आणि बारीक अक्षरातल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं ३६ अँपिअर.

आता हिशोब करा. १२ गुणिले ३६ म्हणजे ४३२ वॅट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे खरं एसएमपीएस ४३२ चं, बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर टाकून आणि पीक बिक म्हणून फुगवलेले. ५८००एक्स कंपनीच्या मूळ सेटिंगवर १४२ वॅटपर्यंत जातो, ३०६० चं रेटिंग १७० वॅट, झाले ३१२, वर बोर्ड, रॅम, फॅन, एसएसडी. तुम्ही म्हणाल तरी ४३२ च्या आतच आहे की. आहे, कागदावर. पण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी रेटिंगच्या बऱ्याच वर उडी मारतं आणि असलं एसएमपीएस गरम झालं की लिहिलेले वॅटसुद्धा देत नाही. चांगल्या कंपन्या रेटिंग ४० किंवा ५० डिग्रीला देतात, इथे डिग्रीचा उल्लेखच नव्हता. गेम एकटा चालायचा, रेंडर एकटा चालायचा, गेमसोबत स्ट्रीम लावलं की बंद, त्याचं उत्तर त्या तक्त्यात होतं.

एवढं दिसल्यावर एकेक करून सगळंच तपासलं. बोर्ड "इक्विव्हॅलंट" म्हणून ए५२० चिपसेटचा दिलेला, तोही अगदी बेसिक, व्हीआरएमवर हीटसिंक नावालाही नाही. प्रोसेसरला करंट पुरवणारा भाग तो, रात्रभर रेंडर लावलं की तो इतका तापायचा की प्रोसेसरला स्पीड पाडायला लागायचा, एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक (स्पीड) ३.८ गिगाहर्ट्झच्या खाली घसरताना दिसायचा, आणि ३.८ हा ५८००एक्सचा बेस क्लॉक आहे. म्हणजे आठ कोअरचे पैसे देऊन बेस क्लॉकसुद्धा मिळत नव्हता. शिवाय ए५२० ला पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडी जोडायचा वेगवान मार्ग) नाही, बी५५० ला आहे, त्यामुळे इक्विव्हॅलंट कुठल्या हिशोबाने ते त्यालाच माहीत.

ग्राफिक्स कार्ड बनावट नव्हतं हे नशीब. तोही एक वेगळाच धंदा आहे, जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय सारख्या म्हाताऱ्या कार्डचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवायचे, विंडोजमध्ये नावसुद्धा तेच दिसायचं. २०१८ पासून जीपीयू-झेड हे कार्ड तपासणारं सॉफ्टवेअर असलं कार्ड ओळखलं की नावापुढे फेक लिहून दाखवतं. माझ्या कार्डवर तसं काही आलं नाही, आरटीएक्स ३०६०च होतं, पण मेमरी ८ जीबी. हे नाव दोन कार्डांना आहे, १२ जीबीवाल्याला १९२ बिटचा बस (मेमरीकडे डेटा नेणारा रस्ता) आणि ३६० जीबी प्रति सेकंद बँडविड्थ, ८ जीबीवाल्याला १२८ बिट आणि २४०. कोअर दोन्हीकडे ३५८४. बोलताना १२ जीबी म्हणाला होता, कोटेशनमध्ये आकडाच लिहिला नाही, आणि बॉक्सवर मेमरीचा आकडा छापलेला असतो म्हणून बॉक्स गायब. गेममध्ये काही वेळा फरक जाणवणारही नाही पण रेंडरचा मोठा सीन मेमरीत मावला नाही की काम तिथेच अडकतं.

एसएसडीचं सांगायलाच नको. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर ऑन अवर्स (डिस्क एकूण किती तास चालली) चार आकडी, नव्या म्हणून दिलेल्या डिस्कचे. टोटल होस्ट राइट्स (आजवर किती डेटा लिहिला) पण बघा, तिथेही कळतं कोणीतरी भरपूर वापरलीय. आणि रॅमची एकच काडी, म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला एकच रस्ता, वर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडने चालवायचं सेटिंग) बंद असल्यामुळे ३२०० ची रॅम २४०० ने चाललेली. एक्सएमपी मीच चालू केलं, दोन मिनिटांचं काम आहे, तेवढंही त्याने केलं नव्हतं.

स्टिकरचे फोटो, क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट आणि माझा तो जुना व्हॉट्सअॅप मेसेज एकत्र करून पाठवले, सोबत ग्राहक आयोगात जाईन असं लिहिलं. एसएसडी आणि एसएमपीएस निमूट बदलून दिले. बोर्डावर खूप घासाघीस झाली, शेवटी फरकाचे पैसे निम्मे मी भरले. कार्डाबाबत ठाम, कोटेशनमध्ये ३०६० लिहिलंय आणि ३०६०च दिलंय. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

तुम्ही घेत असाल तर कोटेशनमध्ये प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा, कार्ड असेल तर मेमरीसकट, एसएमपीएस असेल तर १२ व्होल्टच्या अँपिअरसकट, आणि "किंवा इक्विव्हॅलंट" हे शब्द खोडायला लावा. स्टॉक नसेल तर आधी विचारून बदला असं लिहायला सांगा. ८० प्लसवाल्यांची साइट आहे, सर्टिफाइड मॉडेल्सची यादी तिथे मिळते, नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. बॉक्स सगळे घ्या आणि कार्डावरचा सिरियल नंबर बॉक्सशी जुळतो का तिथेच बघा. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट टेस्टची. ओसीसीटी या टेस्टिंग सॉफ्टवेअरमध्ये पॉवर नावाची टेस्ट आहे, ती प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकत्र लोड करते, ती साइड पॅनल बंद ठेवून निदान तासभर चालवून दाखवा आणि मगच शेवटचं पेमेंट, हे अॅडव्हान्स देतानाच लिहून घ्या. माझ्याकडचं पहिलं एसएमपीएस त्या टेस्टमध्ये पाच मिनिटंसुद्धा टिकलं नसतं.

मागच्या महिन्यात मित्राच्या पीसीसाठी दोघांकडून कोटेशन मागवली आणि ही अट सुरुवातीलाच कळवली. एकाने त्यानंतर रिप्लाय द्यायचंच बंद केलं. दुसऱ्याचा तासाभरात मेसेज आला की सर आधीच्या कोटेशनमध्ये एसएमपीएस जरा बदलावं लागेल, नवीन पाठवतो.