पोल्ट्रीतील साल्मोनेला रोखण्यासाठी कोणते प्रोबायोटिक निवडावे?

आतड्यात साल्मोनेला हा रोगजंतू असलेली कोंबडी बहुधा धडधाकटच दिसते. आजारी पडतो तो तिचे मांस किंवा अंडे खाणारा माणूस. म्हणून प्रोबायोटिक, म्हणजे कोंबडीला मुद्दाम दिले जाणारे उपयुक्त जिवंत जिवाणू, निवडताना वजनवाढ पाहणे पुरेसे नाही, तर रोगजंतूने बस्तान बसवण्याआधी आपले जिवाणू आतड्यात पोहोचतात का, हे पाहावे लागते.

या कसोटीवर सर्वांत भरवशाचा प्रकार म्हणजे निरोगी प्रौढ कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातील (लहान आणि मोठे आतडे जोडले जाते तिथल्या पिशवीतील) संपूर्ण जिवाणूसमूह पिल्लांना देणे. फिनलंडमधील ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या) कळपांत साल्मोनेला पसरल्यानंतर नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये ही पद्धत मांडली. उबवणी यंत्रातून बाहेर पडलेल्या पिल्लाला आईचा सहवास मिळत नाही, त्यामुळे त्याच्या आतड्यात उपयुक्त जिवाणूंची वस्ती जवळजवळ नसते आणि थोडासा साल्मोनेलाही तिथे फोफावतो. ती वस्ती आधीच झाली तर त्याला चिकटायला जागा आणि वाढायला अन्न मिळणे कठीण होते, शिवाय तिथे तयार होणारी मेदाम्ले त्याची वाढ रोखतात. अडचण एवढीच की अशा मिश्रणात नेमके कोणकोणते जिवाणू आहेत हे पूर्णपणे सांगता येत नाही, आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणांना नेमके तेच हवे असते.

लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस यांसारख्या ओळख पटलेल्या जिवाणूंच्या उत्पादनांत हा प्रश्न उरत नाही. मात्र ते उष्णतेने मरतात, म्हणून पेलेट खाद्यात (उष्णता देऊन दाबून केलेल्या गोळ्यांत) टिकत नाहीत. ते पाण्यातून किंवा हॅचरीतच फवारून द्यावे लागतात, आणि पाण्यात क्लोरीन असेल तर सगळा खर्च वाया जातो. बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक कवचातील सुप्त अवस्था) पेलेटची उष्णता सहन करतात, त्यामुळे हाताळायला ते सर्वांत सोपे आहेत. पण ते आतड्यात कायमचे वस्ती करत नसल्याने खाद्यातून सतत द्यावे लागतात, आणि पिल्लू खाद्य टिपू लागेपर्यंतचा मोलाचा वेळ निघून जातो.

कॅम्पिलोबॅक्टर या दुसऱ्या रोगजंतूच्या बाबतीत मात्र यांपैकी कोणावरही विसंबू नये. तो सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर कळपात शिरतो आणि आतड्याच्या श्लेष्मात राहतो. तिथे शेडची जैवसुरक्षाच अधिक उपयोगी पडते.

लेअर (अंड्यांसाठीच्या) आणि ब्रीडर (पैदाशीच्या) कळपांसाठी साल्मोनेलाची लस हा प्रोबायोटिकला पर्याय नसून जोड आहे. फक्त जिवंत लस आणि जिवाणूसमूह एकाच वेळी देऊ नयेत, कारण तो समूह लशीतील जिवाणूलाही हुसकावू शकतो. प्रतिजैविक देण्याची वेळ आली, तर त्यात प्रोबायोटिकचे जिवाणूही मरण्याची शक्यता असते, म्हणून उपचार संपल्यावर ते पुन्हा द्यावे.

ब्रॉयलरसाठी माझा कल असा: परवानगी असेल तिथे पहिल्याच दिवशी जिवाणूसमूहाची फवारणी करावी, नसेल तर लॅक्टोबॅसिलसची फवारणी करून पुढे खाद्यातून बॅसिलस चालू ठेवावा. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून स्ट्रेनचा (जिवाणूच्या नेमक्या वाणाचा) क्रमांक, मुदत संपतानाची जिवंत जिवाणूंची संख्या आणि साल्मोनेलाविरुद्ध कोंबड्यांवर घेतलेल्या चाचणीचे निकाल मागावेत.