शाल विणायचीय : सरळ सुया घ्याव्यात की गोल सुई?

मफलरपुरता हा प्रश्न सोडूनच देऊ. चाळीस-पन्नास टाके कुठल्याही सुयांवर बसतात. घरात आईच्या किंवा आत्याच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सुया असतील तर त्याच काढा. खरा प्रश्न येतो तो मानेपाशी सुरू होऊन खाली रुंदावत जाणाऱ्या तिकोनी शालीला. सात टाक्यांनी सुरुवात होते आणि दर दोन ओळींना चार टाके वाढतात, दोन कडांना आणि दोन मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे दीडशे ओळी झाल्या की सुईवर तीनशे सात टाके! चौदा इंची सुईवर मध्यम जाडीच्या लोकरीचे दीडशे-पावणेदोनशे टाके दाटीवाटीने मावतात. त्यापुढे ते टोकाशी एकमेकांना ढकलायला लागतात.

तरीही सरळ सुयांची बाजू आधी मांडते, कारण हल्ली त्यांना उगाच मोडीत काढलं जातं. आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणी उजवी सुई काखेत दाबून विणतात. सुई हलत नाही, उजवा हात फक्त दोरा टाकायला मोकळा, आणि वेग असा की बघत राहावं. गोल सुई म्हणजे लवचीक वायरने जोडलेली दोन ताठ टोकं. त्यातलं एकेक टोक जेमतेम पाच इंचांचं, ते काखेत जाणार कसं? हाताला ही सवय असेल तर सोळा इंची सरळ सुया घ्या, शाल थोडी आटोपती ठेवा आणि माझं पुढचं बोलणं खुशाल कानाआड करा.

पैशाचं म्हणाल तर सरळ सुया स्वस्त पडतात. गोल सुईत स्वस्ताईचा मोह धरू नये. ताठ टोक आणि वायर जिथे जुळतात तो जोड खडबडीत निघाला तर प्रत्येक टाका तिथे अडतो, आणि तीनशे टाके एकेक करून नखाने पुढे ढकलणं हा काही विरंगुळा नव्हे. विकत घेताना त्या जोडावरून नख फिरवून बघायचं. नख अडलं तर लोकरही अडणार. नवी वायर गुंडाळी होऊन बसते, तिला मिनिटभर गरम पाण्यात धरून सरळ ओढली की ती वठणीवर येते. टोकं लाकडी असतील तर ती मात्र पाण्याबाहेर ठेवा.

माझा निकाल लागला तो मात्र वेगळ्याच गोष्टीवर. मध्येच उठावं लागणं.

तीनशे टाक्यांची जाळीची, म्हणजे छिद्राछिद्रांच्या नक्षीची, ओळ माझ्या हाताला पाव तास तरी खाते. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, कुरिअरवाला बेल वाजवतो, आणि कुणाला तरी स्वतःचा चष्मा सापडत नसतो. त्यामुळे शाल बहुतेक वेळा अर्ध्या ओळीवरच खाली ठेवावी लागते. सरळ सुयांवर अर्धी ओळ म्हणजे दोन्ही सुया भरलेल्या आणि दोन्हींची टोकं उघडी. टोकांना लावायच्या रबरी टोप्या मिळतात, पण त्या हाताशी येईपर्यंत कुकर तिसऱ्या शिट्टीला पोचलेला असतो. साध्या सुलट-उलट विणीत टाका सुटला तर क्रोशाच्या सुईने वर उचलता येतो. जाळीत तसं नाही. एक ‘दोनाचा एक’, म्हणजे दोन टाके एकत्र विणून केलेला टाका, आणि शेजारचा दोरा पुढे घेऊन केलेला टाका असे मिळून सुटले, की दोन-तीन ओळी खाली उतरतात, आणि मग कुठला फास कुणाचा हे ओळखत बसायचं. अख्खी दुपार त्यात गेलेली मी अनुभवली आहे.

गोल सुईवर दोन्ही टोकं धरून जरा ओढली की टाके सरकून वायरवर जातात. टोकं मोकळी, टाके मध्यावर, शाल सोफ्यावर टाकून दार उघडायला गेलं तरी चालतं. परत आल्यावर कुठल्या दिशेला विणायचं हा गोंधळ होतो खरा. गुंड्याकडून येणारा दोरा ज्या टोकाच्या टाक्यातून निघतो, ते टोक उजव्या हातात धरायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. आणि गोल सुई आहे म्हणून गोलच विणायचं असं काही नाही. ओळ संपली की काम उलटं फिरवायचं, नेहमीसारखंच.

बाकीचे फायदे मला नंतर कळले. शालीचा भार मांडीवर राहतो, त्यामुळे मनगटं कमी दुखतात असं मला वाटतं; तुमची मनगटं कदाचित वेगळं सांगतील. ट्रेनमध्ये शेजारणीला कोपर लागत नाही, आणि एक सुई सीटखाली घरंगळण्याची भीतीही नाही. टोकं बदलता येणारा संच असेल तर जोडाशी टोक आवळायची किल्ली घालायला बारीक छिद्र असतं. त्यात शिवणाचा दोरा ओवून एक ओळ विणली, की तो दोरा सगळ्या टाक्यांतून आपोआप जातो. पुढे जाळी बिघडलीच तर उसवण त्या ओळीशी थांबते.

पहिल्याच शालीसाठी महाग संच घ्यायची गरज नाही. ऐंशी सेंटिमीटरची एक गोल सुई पुरे. फार मोठी शाल करणार असाल तर शंभरची बघा. फक्त नंबर नीट तपासा. आपल्या दुकानातला ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन नमुन्यातला ८ नंबर म्हणजे ५. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड. नमुना बाहेरचा असेल तर दुकानात मिलिमीटर सांगूनच सुई मागा.