प्रॉडक्ट डिझाइन आणि वर्कशॉप : शाळेत दोन वर्षं शिकल्यावर

माध्यमिक शाळेची शेवटची दोन वर्षं मी प्रॉडक्ट डिझाइन आणि वर्कशॉप हा विषय शिकले. घ्यावा का, असं धाकटी भावंडं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. जिथे स्वतःच्या हाताने काम करायला मिळतं, तिथे जरूर घ्या.

पहिले दोन महिने आम्ही एकही वस्तू बनवली नाही. गुण्या (काटकोन तपासायचं साधन), पोलादी पट्टी, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखायचं साधन) आणि आखायचा चाकू, एवढ्यावरच काम. तेव्हा कंटाळा आला होता, पण आज तोच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. चाकूने रेघ मारली की बारीक खाच पडते आणि पटाशीची धार त्या खाचेत अचूक बसते. करवतसुद्धा स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खाते, म्हणून कापायचं ते रेघेच्या टाकाऊ बाजूने. माझे पहिले चार तुकडे आखूड निघाले ते याच कारणाने. फळ्यावर हे दोनदा सांगून झालं होतं, पण मला कळलं ते पाचव्या तुकड्याला.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट. मी आजीसाठी पुस्तक ठेवायचा स्टँड केला, कोन कमी-जास्त करता येईल असा. कागदावर तो सुरेख दिसत होता. पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन आजीकडे गेले, तर तिला संधिवातामुळे कोन पक्का करायचा विंग नट (दोन कान असलेला, बोटांनी पिळायचा नट) पिळताच येईना. बोटांच्या चिमटीत जोरच नव्हता. मग अख्ख्या तळहाताने फिरवता येईल असा मोठा नॉब काढला आणि थ्रीडी प्रिंटरवर छापला. पहिला नॉब मानेपाशी मोडला, कारण उभा छापल्यामुळे थर आडवे बसले होते आणि दोन थरांमधला जोड सगळ्यात कच्चा असतो. आडवा ठेवून छापला, तो टिकला.

स्टँडची मागची फळी मी चौकटीत चारही बाजूंनी डिंकाने चिकटवणार होते. आमच्या बाईंनी थांबवलं. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं ते मुख्यतः त्याच्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेला, लांबीत जवळजवळ नाहीच. फळी जखडून टाकली की कधीतरी तडकते. म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवली आणि फळीला हलायला जागा दिली. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे त्याला ही अडचण फारशी येत नाही.

एका तासाला बाईंनी थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीचं चित्र दाखवून सुटे भाग मोजायला लावले. १८५९ची खुर्ची : वाफेवर वाकवलेले लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट. सुटी करून पाठवता येणारी. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या आराखड्यातले भाग मोजले. १७ होते. ११ वर आणले.

आता तक्रारी. पोर्टफोलिओला (प्रोजेक्टची रेखाटनं आणि टिपणं असलेल्या वहीला) गुण इतके, की शेवटचे कित्येक आठवडे आम्ही वस्तू सोडून पानं सजवत होतो. काही जण तर वस्तू पूर्ण झाल्यावर मागाहून 'सुरुवातीची रेखाटनं' काढत. ज्याने खरोखर तीनदा चुकून सुधारलं, त्याच्या मळक्या वहीला कमी गुण पडलेले बघून मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. दुसरं, लेसर कटरचा अति वापर. फाईल पाठवली की तुकडे तयार, पण कापताना किरणही थोडं लाकूड जाळतो आणि '३ मिमी' प्लाय व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) मोजला तर नेमका तेवढा भरेलच असं नाही. वर्गातले निम्मे खाचेचे सांधे सैल निघाले. आधी छोटा नमुना कापून बघायची सवय लावायला हवी होती.

सुरक्षिततेची शिस्त कडक होती आणि ती बरोबरच होती : गॉगल, बांधलेले केस, ड्रिलखाली तुकडा क्लॅम्पमध्ये, आणि फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे मुळीच नाहीत, कारण ते बिटात गुरफटतात.

विषय निवडण्याआधी वर्कशॉप एकदा स्वतः बघून या. नवी यंत्रं किती आहेत ते मोजू नका. पटाशा बघा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि मग ती निसटते, हात कापतात ते असे. धार लावायचा दगड वापरून मधे झिजलेला दिसला, तर तिथे खरंच काम चालतं.