जुन्या मालकाच्या नावचं लाईटमीटर: तसंच चालवायचं, नाव बदलायचं की नवीन घ्यायचं?

सांगलीत गावभागातलं जुनं घर घेताना आम्ही खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीच्या पावत्या सगळं दोन-दोनदा तपासलं. लाईटबिल मात्र कुणी मागितलं नाही. मीटर विकणाऱ्यांच्या कैलासवासी वडिलांच्या नावावर होतं आणि पाच महिन्यांचं बिल थकलेलं. सामान लावून होतंय तोवर त्या गेलेल्या माणसाच्या नावची नोटीस आमच्या दारात. पैसे आम्हीच भरले. तेव्हापासून घर घेणारा कुणी भेटला की मी आधी मीटरचं विचारते.

सगळ्यात सोपं वाटतं ते मीटर आहे तसंच ठेवणं. ग्राहक क्रमांक टाकला की बिल कुणालाही भरता येतं, एक रुपया जास्त जात नाही. भाडेकरूला हेच बरोबर आहे. त्याने फक्त राहायला जाण्याआधीचं शेवटचं बिल भरलंय का ते पाहावं. घर स्वतःचं असेल तर मात्र हे टाळा. महावितरणच्या लेखी ग्राहक अजून जुना मालकच. बिलाचा मेसेज त्याच्या मोबाईलवर जातो. वीज तोडण्याआधी कायद्याने १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, तीही त्याच्याच नावे निघते. डिपॉझिट त्याचं. उद्या एसी बसवायचा म्हणून मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची याची मर्यादा, वाढवायचा झाला तरी अर्ज त्याच्या नावाने. छतावर सोलर बसवायचं असेल तर अडचण आणखी मोठी: पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, पण त्यासाठी वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर लागते.

म्हणून मालकाने नाव बदलून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मीटर तोच राहतो, ग्राहक क्रमांक तोच राहतो, वीज एक मिनिटही बंद होत नाही. अर्ज महावितरणच्या वेबसाईटवरून करता येतो. खरेदीखत किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), ओळखपत्र आणि आधीच्या मालकाचं संमतीपत्र जोडायचं. संमतीपत्र मिळत नसेल तरी मालकीच्या कागदावर काम होतं, फक्त डिपॉझिटचा प्रश्न उरतो. संमती असेल तर जुनं डिपॉझिट तुमच्या नावे वळतं. नसेल तर तुम्ही नवं भरायचं. ते सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकं असतं, म्हणजे महिना बाराशे बिल येत असेल तर चोवीसशे. जुन्या डिपॉझिटचा हिशोब व्यवहार ठरतानाच बोलून घ्या, नंतर दोघांनाही मागायला संकोच वाटतो. बिलावरची वर्गवारीही वाचा. पुढच्या खोलीत पूर्वी दुकान असेल तर मीटर व्यापारी दरावर असू शकतो, आणि राहत्या घराला तो दर महागात पडतो. नाव बदलताना तेही सुधारून घ्या.

जुना मीटर काढून नवं कनेक्शन घेण्याकडे बऱ्याच जणांचा ओढा असतो, कारण त्यांना वाटतं की जुनी थकबाकी जुन्या मीटरबरोबर जाईल. तसं होत नाही. थकबाकी जागेला चिकटते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान प्रकरणात हेच सांगितलं: नियमात तरतूद असेल तर आधीच्या मालकाची बाकी नव्या मालकाकडून मागता येते. महाराष्ट्राच्या वीजपुरवठा संहितेत ती तरतूद आहे. मात्र विकत घेणाऱ्यावरचा बोजा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत बिलापुरता आहे, हे लक्षात ठेवा आणि अर्जात लिहा. वारसाला ही सूट नाही. कायमच्या तोडलेल्या (पीडी) जोडणीची जुनी थकबाकी व्याजमाफीसह मिटवण्यासाठी अभय योजना होती, ती ३१ मार्च २०२५ ला संपली.

नवं कनेक्शन दोनच वेळा योग्य वाटतं: जुनं कायमचं तोडलेलं असेल तर, किंवा घराचे दोन स्वतंत्र भाग होऊन दुसरा मीटर खरोखर लागत असेल तर. मग लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, जोडणीचा खर्च आणि पूर्ण डिपॉझिट, सगळं आलं. केंद्राच्या नियमात पालिका हद्दीत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांची मुदत आहे. नदीकाठच्या घरात पुराच्या भीतीने मीटर वर न्यायचा असेल तर नव्या कनेक्शनची गरज नाही, मीटर हलवण्याचा अर्ज वेगळा असतो. २०१९ चा पूर पाहिलेल्यांनी तो जरूर करावा.

घरात आधीच स्मार्ट मीटर लागलेला दिसला तर लोक ‘आता रिचार्ज मारावा लागणार’ म्हणून घाबरतात. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर घराघरांत बसलेल्या स्मार्ट मीटरचं बिल नेहमीसारखं महिन्यानंतरच येतं. खरोखर प्रीपेड घ्यायचा असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ४७ (५) प्रमाणे डिपॉझिट मागता येत नाही, एवढा एक फायदा त्यात आहे.

निर्णय कोणताही घ्या, पण शेवटचा चेक देण्याआधी बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून बाकी स्वतः पाहा. ताबा घ्याल त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा आणि तो आकडा ताबापावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या.