विडीचा धूर, गरोदरपण आणि एअर प्युरिफायर: सात महिन्यांच्या वापरानंतर

हे यंत्र मी आठव्या आठवड्यात घेतले. आता मला नववा महिना लागला आहे. दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वी आणि कळल्यानंतरही काही दिवस माझे सासरे अण्णा नेहमीप्रमाणे बाल्कनीत बसून रोज सात-आठ विड्या ओढत असत, आणि त्या बाल्कनीचे दार आमच्या झोपण्याच्या खोलीत उघडते. त्या पहिल्या आठवड्यांत बाळाला काय झाले असेल, या विचाराने मला रात्र रात्र झोप लागत नसे. दुकानदाराने 'धुराचा प्रश्नच मिटेल' असे सांगितले म्हणून साडेअकरा हजार रुपये मोजले. ते सांगणे खरे नव्हते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

यंत्र जे करते ते चोख करते. त्यातील हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि विडीच्या धुरातले कण बहुतांशी याच सुमाराचे असतात. आमची खोली दहा बाय बाराची आहे. दार बंद करून पूर्ण वेगाने चालवल्यास यंत्राच्या पडद्यावरचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कणांचा आकडा वीस-पंचवीस मिनिटांत १८० वरून ३० च्या खाली येतो. रात्रीच्या मंद वेगावर मात्र त्यालाच दोन तास लागतात, आणि पूर्ण वेगाचा आवाज डोक्याशी सहन होत नाही. विजेचा खर्च महिन्याला तीसेक युनिटांच्या वर जात नाही.

परंतु धूर म्हणजे केवळ कण नव्हेत. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायू हेपाही अडवत नाही आणि यंत्रातला वास शोषणारा कोळशाचा थरही अडवत नाही. हाच वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. माझ्या यंत्राला तो मोजताही येत नाही, त्यामुळे पडद्यावर हिरवा दिवा लागला म्हणजे हवा निर्धोक झाली, असे धरून चालणे धोक्याचे आहे. मी स्वतः पहिले तीन आठवडे तसेच धरून चालले होते. कोळशाच्या थराने वास कमी झाला हे खरे, पण तिसऱ्या महिन्यातच त्याचे काम संपले. वर्षभर टिकेल असे सांगितलेला फिल्टर पाचव्या महिन्यात बाहेर काढला तेव्हा पांढऱ्या घड्या तपकिरी-पिवळ्या झाल्या होत्या आणि हाताला शिळ्या विडीचा वास लागला. नवीन फिल्टरला २,४०० रुपये पडतात.

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना मी सगळे सांगितले. निकोटिनपासून शरीरात तयार होणाऱ्या कोटिनीनची तपासणी केली, तरी ती गेल्या काही दिवसांपुरतेच सांगेल, मागच्या दोन महिन्यांचा हिशेब तिच्यातून मिळणार नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. दुसऱ्याच्या धुराने बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो हे त्यांनी लपवले नाही. मात्र आजपासून जेवढा धूर टळेल तेवढा बाळाच्या फायद्याचाच आहे, हेही ठामपणे सांगितले. त्या वाक्याने मला जो धीर आला, तो त्या हिरव्या दिव्याने कधी आला नव्हता.

खरा फरक मात्र पडद्यावरच्या त्या कणांच्या आकड्याने घडवला. एका संध्याकाळी मी अण्णांना खोलीत बोलावले आणि त्यांची विडी विझल्यानंतर, बाल्कनीचे दार घट्ट लावलेले असतानाही, आकडा २२ वरून ९६ वर कसा चढतो ते दाखवले. ते बराच वेळ यंत्रासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, मी तर बाहेर बसतो म्हणून तुला त्रास होत नाही असंच समजत होतो." दुसऱ्या दिवसापासून ते खाली फाटकापाशी जाऊ लागले, वर आल्यावर सदरा बदलतात, हात-तोंड धुतात, मगच आमच्या खोलीकडे येतात. पुढे माझ्या यजमानांनी त्यांना १८००-११-२३५६ या शासनाच्या व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन लावून दिला. आता दिवसाला दोन विड्या उरल्या आहेत.

डोहाळजेवणाच्या दिवशी धूप आणि उदबत्तीने आकडा ३०० च्या पुढे गेला, तेव्हा आईंनी स्वतः उठून धूप विझवला. मच्छर अगरबत्तीही तेव्हापासून बंद आहे.

रस्त्याच्या धुळीसाठी हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर तिच्यावरचा उपाय म्हणून कृपया घेऊ नका. आधी विडी घराबाहेर न्या. मी पाचपैकी तीन तारे देते. दुसरा फिल्टर मागवून ठेवला आहे. जुना वास धरून बसलेले पडदे आणि गाद्यांचे अभ्रे धुऊन झाले की, मी दवाखान्यात जाण्याआधी तो बसवायचा आहे.