ब्रॅडॉकची कार्नेगी लायब्ररी: खाली आंघोळ, वर पुस्तकं

पिट्सबर्गला आलेले आपले लोक व्यंकटेश्वराचं मंदिर बघतात आणि परत जातात, पण ब्रॅडॉक तिथून फार लांब नाही, जमलं तर ही लायब्ररी बाहेरून तरी बघाच. १८८९ ची, पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगीने अमेरिकेत बांधलेली पहिली. जाडजूड ओबडधोबड दगड, गोल कमानी, बुरूज, लांबून कुणाला वाटेल किल्लाच आहे!! आणि मजा म्हणजे तळघरात चक्क न्हाणीघर होतं, कारण जवळच्या स्टील मिलमधले कामगार काजळी अंगावर घेऊनच यायचे, मग आधी आंघोळ करा नि मग वर जाऊन वाचा किंवा बिलियर्ड खेळा. १८९३ ला म्युझिक हॉल, जिम, स्विमिंग पूल पण जोडला. (त्याच्या आदल्याच वर्षी जवळच्याच होमस्टेड गावात कार्नेगीच्याच स्टील कंपनीने कामगारांचा संप मोडून काढला होता, तेव्हा दानशूरपणाचं फार कौतुक नको.) १९७० च्या दशकात पाडायलाच निघाले होते, गावकऱ्यांनी वाचवली. ब्रॅडॉकमध्ये १९२० ला २० हजारांवर वस्ती होती, आता २ हजार पण नाही, त्यामुळे आजूबाजूला चहापाण्याची फार अपेक्षा ठेवू नका. मिल मात्र अजून चालू आहे. जुन्या वास्तूचं काम निघतं अधूनमधून, उघडी आहे का बघून निघा. माझ्याकडून ५ पैकी साडेचार.